आधीचं बरं, की आत्ताचं?

आत्या दिवसभर एकच वाक्य बोलायची. समोरच्याच्या नाकावर जड लोखंडी फ्रेम चढवायची, एका डोळ्यापुढे काळी चकती सरकवायची, दुसऱ्यापुढे एक भिंग घालायची, ते काढून दुसरं घालायची आणि विचारायची, "आधीचं बरं, की आत्ताचं?"

गिऱ्हाईक म्हणायचं, "तुम्हीच सांगा की."

"मी कशी सांगू? डोळा तुझा. का माझा काढून देऊ, लावून बघतोस?"

मोठ्या दुकानांत यासाठी मशीन असतं. हनुवटी टेकवली की नंबर छापून हातात. आत्याकडे वडिलांची भिंगांची पेटी होती आणि तोंड होतं. तोंड जरा जास्तच होतं. सगळा बाजार तिला आत्या म्हणायचा, तिच्याहून मोठे म्हातारेसुद्धा. लग्न केलं नाही. वडील गेल्यावर खालचं दुकान तिच्याकडे आलं, वरचं घर दादाकडे. ती वरच्याच घरात मागच्या खोलीत राहायची आणि जिना चढताना तोंडाला कुलूप लावायची.

कारण दादाचं घर म्हणजे प्रार्थनाघराची शाखाच. उजाडायच्या आत उठायचं, वचनं म्हणायची, मग चहा. 'का' हा शब्द चपलांसारखा उंबऱ्याबाहेर काढून ठेवायचा. दादा म्हणायचा, "प्रश्न म्हणजे भिंतीला भोक. एक पडलं की उंदीर सगळं घर पोखरतो." आत्यानं लहानपणी असं एक भोक पाडलं होतं. प्रार्थनाघरात उभं राहून काहीतरी विचारलं, आणि प्रार्थना संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. काय विचारलं होतं ते तिला आता आठवत नव्हतं. भिंतीचा रंग आठवत होता.

प्रार्थनाघराच्या प्रमुखांना सगळे थोरले म्हणायचे. ऐंशी पार केलेले, आणि एवढा मोठा ग्रंथ चष्म्याशिवाय वाचायचे. मंडळींना त्याचा कोण अभिमान! ज्याची प्रार्थना चुकत नाही त्याला चष्मा लागत नाही, असं तिथं सरळ मानायचे. त्यामुळे बाजारभराला चष्मे लावणाऱ्या बाईला स्वतःचा चष्मा पिशवीत टाकून प्रार्थनेला जावं लागायचं. मागच्या बाकावर बसून समोरचं धुकं बघायचं आणि मान डोलवायची.

शाळेला दरवर्षी मुलांचे डोळे तपासल्याची चिठ्ठी लागायची, म्हणून मंडळींची पोरं आत्याकडे यायची. ओळीनं उभी राहायची आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वरपासून खालपर्यंत धडाधड वाचायची. एकाचाही नंबर नाही. दादा दारात उभा राहून म्हणायचा, "बघितलंस? प्रार्थना!" खोटं कशाला बोला, आत्यालाही मनातून थोडं पटायला लागलं होतं.

मग एक दिवस तिनं तक्ता पुसायला उतरवला आणि घाईत उलटा टांगला. पांढरी पाठ पुढे. दादाची मुलगी तेवढ्यात शाळेतून आली. नऊ वर्षांची, एका जागी पाच मिनिटं न टिकणारी, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. उडी मारून खुर्चीत बसली आणि सुरू झाली, "प, र, ग, द, ल..." शेवटच्या ओळीपर्यंत. एक चूक नाही.

आत्यानं पाठीकडे बघितलं, भिंगरीकडे बघितलं. "कुठनं वाचतेस गं?"

"तक्त्यावरनं."

"आणि दिसतं तुला?"

"दिसायला कशाला पाहिजे? येतंय की मला." भिंगरीनं पाय हलवले. "सगळ्यांना येतं. पुढचा म्हणतो, मागचा ऐकतो. वचनं नाही का आपण अशीच शिकत?"

आत्या पोट धरून हसली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की हसू मघाशीच संपलंय.

तिनं दुसरा तक्ता लावला आणि पोरांना पुन्हा बोलावलं. त्यांतली सगळ्यांत धाकटी तर रडायलाच लागली. "हे आम्हाला दिलेलंच नाहीये!" निम्म्यांना तिसरी ओळ दिसत नव्हती. फ्रेम चढवून दोन भिंगं दाखवली, तर पोरं दाराकडे बघायची, बाप उभा आहे का ते, आणि हळूच विचारायची, "आत्या, यातलं बरोबर उत्तर कुठलं?"

"बरोबर-बिरोबर काही नाही. तुला काय दिसतं ते बोल."

"चुकलं तर?"

"तर परत बघायचं. देवानं डोळे दिलेत ते काय मिटून ठेवायला?"

हे ती मनापासून म्हणायची. आत्याचा देवावर राग नव्हता. ती रोज दुकान उघडताना हात जोडायची. तिला एवढंच वाटायचं, की पोरानं स्वतःच्या तोंडानं सांगावं. त्या दुपारपासून दुकानात एक खेळच सुरू झाला. आत्या लांब उभी राहून मुठीतली वस्तू दाखवायची. बटण, नाणं, बाटलीचं झाकण. पोरांनी आधी लांबून सांगायचं, मग एक पाऊल पुढे येऊन, मग हातात घेऊन. "आधी नाणं म्हणालास, आता बटण म्हणतोस. लाजतोस कशाला? जवळ आलास, म्हणून बदललं. न बदलणारा एक तर आंधळा, नाहीतर गाढव." पोरं खिदळायची. हळूहळू त्यांनी दाराकडे बघणं सोडलं.

दादाच्या कानावर गेलंच. "तू भिंगं घासत जा," तो म्हणाला, "पोरांची डोकी नको घासू."

भिंगरीचा नंबर सगळ्यात मोठा निघाला. आत्यानं तिचा चष्मा स्वतः घासून बसवला. तो डोळ्यांवर चढला तशी भिंगरी गप्प झाली, म्हणजे बघा. मग आत्याचा हात धरून म्हणाली, "तुझ्या बोटांवर किती रेघा आहेत गं! काच कापते?" आणि वर जाऊन आल्यावर म्हणाली, "आत्या, आई रडते तेव्हा आवाज करत नाही. मला माहीतच नव्हतं."

दादा चष्मा चालवून घेत होता, घर आणि शाळेपुरता. प्रार्थनेच्या दिवशी आत्या तिला म्हणाली, "आज काढून ठेव. पिशवीत टाक माझ्यासारखा."

"का?"

आत्यानं स्वतःचा चष्मा पिशवीत टाकला. पोरीला विचारायला शिकवलं तिनंच. भिंगरीनं चष्मा फ्रॉकच्या खिशात ठेवला, आणि आत गेल्यावर पहिल्या ओळीत बसून घातला.

थोरले वाचत होते. खणखणीत आवाज, मंडळी डोळे मिटून. वाचन संपल्यावर ते नेहमीसारखं म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय?" हा काही खरा प्रश्न नव्हता. यावर सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं असतं, "नाही, सगळं कळलं."

सगळे म्हणाले. भिंगरीनं हात वर केला.

"थोरले, तुम्ही उघडलंय ते पान कोरं आहे." तिचा आवाज अगदी साधा होता, आजारी माणसाशी बोलावं तसा. "तुम्हालाही पाठ आहे ना सगळं? दिसत नाही ना? मलाही दिसत नव्हतं. घाबरू नका. आमच्या आत्याकडे या, ती रागवत नाही. जे दिसतं ते सांगायचं फक्त."

मागच्या बाकावर आत्याला हसू फुटलं आणि तिनं पदर तोंडात कोंबला. मंडळींनी डोळे उघडले. थोरले रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खाली आले, चाचपडत भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला, तिचा चष्मा काढला, मिटला आणि दादाच्या हातात दिला. "लेकरानं नाही बघितलं हे," ते म्हणाले. "काचेनं बघितलं."

घरी आल्यावर दादा बसला नाही. "पुढच्या प्रार्थनेला तू उभं राहायचं," तो आत्याला म्हणाला. "सांगायचं, नंबर चुकला माझा. काच खोटी होती, पोरीला नाही ते दिसलं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर ही वसतिशाळेत. मंडळींनी ठरवलंय."

वसतिशाळा प्रार्थनाघराचीच होती, दूर. तिथनं पोरी परत यायच्या त्या लग्नाच्या वयाला, मान खाली घालून. घरच्यांनाही तिथं भेटू द्यायचे नाहीत.

"पोटची पोर आहे ना रे तुझी? तिला नीट दिसत नाही, दादा!"

"मला काय हौस आली आहे?" दादाचा आवाज चिरकला. "मंडळींनी दार लावलं तर आम्ही जायचं कुठं? आहे कोण आपलं दुसरं? सांग ना, तुला फार दिसतं!"

वहिनी कोपऱ्यात उभी होती. दादा बाहेर गेल्यावर तिनं आत्याचा हात धरला. "वन्सं, एक खोटं बोला. पोर माझ्यापाशी राहील. मग खाली दुकानात काय शिकवायचं ते शिकवा, मी काही बघितलं नाही."

आत्याला ते पटलं. पोर घरात राहिली तर सगळं परत उभं करता येईल, असा तिनं हिशोब केला. आजवर नंबर काढण्यात तिची चूक झाली नव्हती. ही झाली.

पुढच्या प्रार्थनेला ती उभी राहिली आणि बोलली. "चूक माझी. काच खोटी होती. पान कोरं नव्हतं." भिंगरी पहिल्या ओळीतून वळून मागे बघत होती, बिनचष्म्याच्या डोळ्यांनी. एवढ्या लांबून तिला आत्याचा चेहरा दिसणं शक्य नव्हतं. नुसता आवाज ऐकू गेला. थोरल्यांनी विचारलं, "कळलं, लेकरा?"

"हो. सगळं कळलं."

दुसऱ्या दिवशी आत्यानं तिला दुकानात ओढलं, शटर अर्धं खाली घेतलं. "ऐक. पान कोरंच होतं. तूच खरी. मी खोटं बोलले, तुला पाठवू नये म्हणून."

भिंगरीनं डोळे बारीक करून तिच्याकडे बघितलं. "मग आधीचं खरं, की आत्ताचं?"

"आत्ताचं. देवाशपथ."

"आणि उद्या परत सगळ्यांसमोर विचारलं तर?"

जिच्या तोंडाला बाजार घाबरायचा ती आत्या पुसलेलं भिंग परत पुसायला लागली. भिंगरी शटरखालून वाकून निघून गेली.

बाकीची पोरं यायची बंद झाली. बटण, नाणं, झाकण ड्रॉवरमध्ये पडून राहिलं. शाळेच्या चिठ्ठ्या मंडळी आता दुसरीकडून आणायची. भिंगरी घरातच होती, जिन्यात रोज भेटायची. वचनं तिच्याइतकी कुणालाच येत नाहीत, असं थोरले म्हणायला लागले. पायातली भिंगरी थांबली होती. भिंतीला हात लावत चालायची.

परीक्षेच्या सुमारास ती जिन्यावरून पडली. डोकं तर रोजच दुखायचं. तेव्हा दादाच तिला मागच्या दारानं दुकानात घेऊन आला. "बघ जरा. घरात घालेल. कुठं बोलू नकोस," एवढंच म्हणाला आणि दारात पाठ करून उभा राहिला.

आत्यानं लोखंडी फ्रेम चढवली. समोर नवा तक्ता होता, भिंगरीनं न बघितलेला.

"वाच, बाळा."

"काय म्हणायचं आहे?"

"दिसेल ते."

भिंगरीनं हात जोडून मांडीवर ठेवले. आत्यानं भिंग घातलं, बदललं. "आधीचं बरं, की आत्ताचं?"

"तुम्ही म्हणाल ते."

जन्मापासून ही पोर तिला अगं-तुगं करत आली होती. आणखी एक भिंग. आणखी एक. "हे? की हे?" प्रत्येक भिंगाला तेच उत्तर, तेवढ्याच गोड आवाजात. शेवटी आत्यानं पेटीतून दोन्ही काळ्या चकत्या काढल्या आणि दोन्ही डोळ्यांपुढे सरकवल्या. समोर ठार अंधार.

"आता?"

"छान दिसतंय, आत्या. सगळं स्पष्ट."

"चला," दारातून दादा म्हणाला, "सुटलो."

चकत्या काढायला आत्याचा हात उठेना. त्या असेपर्यंत निदान पोरीला तिचा चेहरा दिसत नव्हता.