चामड्याचा एकच तुकडा

बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्रातल्या एका पत्र्याच्या शेडवर ‘रघुनंदन लेदर क्राफ्ट्स’ अशी झोकदार पाटी आहे. आत चामडं शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. पाकिटं रेक्झिनची, डायऱ्यांची कव्हरं रेक्झिनची, लॅपटॉपच्या पिशव्याही रेक्झिनच्या. कातडी काय ती मालकाची, आणि तीही गेंड्याची.

धंदा साधा होता. कंपन्यांना दिवाळीत नोकरांना भेटी द्यायच्या असतात. रघुनंदन तयार माल आणायचा, लेझरच्या मशीनवर त्यावर कंपनीचं चिन्ह आणि ज्याचं त्याचं नाव जाळून उठवायचा, आणि आतल्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत ‘जेन्युइन लेदर’ असंही. लेझरची रेघ इतकी सुबक उठते की वाचणाऱ्याला शंका घ्यायची लाज वाटावी. तरी एखादा चौकस निघतोच. चामडं जळलं की जळक्या केसांसारखा वास येतो आणि रेक्झिन जळलं की प्लास्टिकचा, एवढं आजकाल मोबाइल बघून कुणालाही कळतं. त्यावरही रघुनंदनकडे तोड होती. टेबलाच्या खणात त्याने खऱ्या चामड्याचा एक तुकडा ठेवला होता. गिऱ्हाईक फाटकाशी आलं की त्यावर मिनिटभर मशीन चालवायचं. मग गिऱ्हाईक आत येऊन नाक फुलवायचं आणि माल अस्सल असल्याचं आपल्याच तोंडाने सांगायचं. असल्या लोकांना फसवणं म्हणजे पाप नव्हे, असं रघुनंदनचं प्रामाणिक मत होतं. त्याची प्रामाणिक मतं एवढीच.

घर बनशंकरीला. साडेतीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे येऊन स्थिरावलेलं घराणं, आणि त्याचा ताठा अजून कालच आल्यासारखा ताजा. वडील भीमाचार्य, घरातले अण्णा, कडक सोवळ्यातले. चामड्याचा पट्टा नाही, पाकीट नाही, पायात कापडी जोडे. मठातला मृदंग कशाने मढवतात हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर त्यांनी त्याचंही शास्त्र काढून दाखवलं असतं. असल्या घरात लेदर क्राफ्ट्स कसं चाललं? तर रघुनंदनने बापाच्या पायाला हात लावून सांगितलं होतं की पाटी नुसती शोभेची, माल निव्वळ रेक्झिन. गंमत अशी की हे खरं होतं. बापाशी तो आयुष्यात एकदाच खरं बोलला असेल, तर ते हेच.

धाकटा भाऊ गुंडो मात्र होसकोट्याला जोड्यांच्या शोरूममध्ये होता. दिवसभर गुडघ्यावर बसून लोकांच्या पायांत जोडे चढवायचा आणि कुणी विचारलं तर तसंच सांगायचा. भीमाचार्यांनी त्याला देवघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. रघुनंदन चारचौघांत त्याची ओळख ‘रिटेलमध्ये असतो’ अशी करून द्यायचा आणि मग कुणाच्या नकळत हसायचा.

या विजयादशमीला भीमाचार्य घरच्या देवांची पूजा थोरल्या मुलाच्या हाती सोपवणार होते. हात कापायला लागले होते, शालिग्राम एकदा ताम्हनात निसटला होता. रघुनंदनचा देवावर विश्वास होता म्हणावं तर तसंही नाही. पण दोनदा इंजिनिअरिंग नापास झालेला हा इसम जन्मभर नातेवाइकांच्या लग्नांत भाजीच्या पोत्यांवर नजर ठेवायला बसलेला. पूजा हाती आली की पहिल्या पंगतीत पहिलं पान त्याचं, तीर्थ त्याच्या हातचं, आणि तेच नातेवाईक हात पुढे करून उभे. हे त्याला हवं होतं, अगदी पोटातून हवं होतं. त्याचा तेवढा एक हट्ट मला समजतो.

आदल्या दिवशी आयुधपूजा. यंदा मशीनची पूजा मी स्वतः करतो, असं भीमाचार्य म्हणाले. रघुनंदनने बेत नीट आखला होता: सकाळी पूजा उरकायची, अण्णांना रिक्षात बसवायचं, आणि दुपारी हर्षिता येईल. हर्षिता एका मोठ्या कंपनीची भेटवस्तूंची खरेदी बघणारी, पुण्याहून आलेली. सुट्टी असूनही ती नमुना बघायला येणार होती, कारण दिवाळी तोंडावर आली होती.

पण होसूर रोडने कधी कुणाचा बेत चालू दिलाय? बापलेक पोहोचले तोवर राहुकाळ लागला. भीमाचार्यांनी पूजेनंतर फोडायचा कोहळा, लिंबं, शेवंतीच्या माळा मशीनपुढे मांडल्या आणि राहुकाळ सरेपर्यंत खुर्चीवर डोळे मिटून बसले. रघुनंदनने आडून आडून सुचवलं की यंत्राला कसला राहुकाळ. म्हातारा हलला नाही. तेवढ्यात हर्षिता आली.

इंग्रजीत बोलणं झालं असतं तर निभावलं असतं. पण अण्णांचं पुटपुटणं ऐकून तिने मराठीत विचारलं, “काका, तुम्ही मराठी?” झालं. बोम्मसंद्रात मराठी बोलणारी पोर भेटली म्हणून भीमाचार्य फुलून आले. गाव कुठलं, गोत्र कोणतं, जेवलीस का. तीही पडली मोकळ्या स्वभावाची. पाकीट उलटसुलट करत तिने सहज विचारलं, “काका, हे खरंच प्युअर लेदर आहे ना? नाहीतर ऑफिसात सगळे माझ्यावर तुटून पडतील.”

म्हाताऱ्याच्या कानात ‘लेदर’ एवढंच शिरलं आणि त्याला वाटलं, सोवळ्यातली पोर, चामडं हातात घ्यायला बिचकतेय. आपल्या मुलावर हा आळ येऊ नये म्हणून तो खुर्चीवरून उठला.

“निश्चिंत घे, पोरी. आमच्यात चामड्याला शिवत नाहीत. निव्वळ रेक्झिन हे. रघू माझ्या पायाला हात लावून सांगितलाय.”

हर्षिताने पाकीट टेबलावर ठेवलं आणि रघुनंदनकडे पाहिलं. आता बघा, इथे माणसाला दोन वाटा असतात. बाप खरं बोलतोय म्हणावं आणि ऑर्डर सोडावी, किंवा पुढे सोयीनं बघू म्हणावं आणि निदान गप्प बसावं. रघुनंदनला तिसरी सुचली. त्याने खण उघडला, तो तुकडा काढला, फुलांच्या माळा कोपराने बाजूला सारल्या आणि तो मशीनखाली ठेवून बटण दाबलं.

धूर उठला. शेवंतीच्या आणि उदबत्तीच्या वासावर जळक्या केसांचा वास चढला. तुकडा हर्षिताच्या नाकाशी नेत रघुनंदन मराठीतच म्हणाला, “हा याच मालातला तुकडा, घ्या वास. अण्णांना बरं वाटावं म्हणून घरी रेक्झिन सांगतो. शंभर टक्के चामडं आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुती, काय करणार?” आणि हसलासुद्धा. बाप दोन पावलांवर उभा होता.

भीमाचार्यांनी उपरणं नाकाला लावलं. कोहळा न फोडता ते बाहेर पडले आणि रस्त्यावरची पहिली रिक्षा धरून गेले. हर्षिताला आपलं काही चुकल्यासारखं वाटलं, पण वासाने तिची खात्री पटली होती. ऑर्डर तिने तिथेच पक्की केली. रघुनंदनने तिला पेढाही दिला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने सोपं काम समजून सुरुवात केली. बाईला टोपी घातली अण्णा, माल रेक्झिनच आहे. एक तुकडा तेवढा खरा, तो नुसता वासाला. देवघराकडे हात करून शपथ घेतली. मग आवाज चढवला, मग रडकुंडीला आला. पोटच्या पोराला कोंडीत धरता म्हणाला. भीमाचार्य सगळं ऐकून घेत होते. रघुनंदनची बायको वसुमती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती मध्ये पडली नाही. इतक्या वर्षांत नवरा खरं कधी बोलतो हे ओळखायचा नाद तिने सोडून दिला होता.

“असेल रे,” अखेर म्हातारा म्हणाला. “रेक्झिनच असेल. मला काय कळतंय त्यातलं. पण उद्या देवापुढे बसून संकल्प कोण सांगणार? दुपारचा रघू, का आत्ताचा?”

रघुनंदनला वास सुचतात, उत्तरं नाहीत.

भीमाचार्यांनी फोन मागून घेतला आणि वसुमतीला होसकोट्याचा नंबर लावून द्यायला सांगितलं. गुंडो अजून शोरूममध्येच होता. पूजा तुझ्याकडे देतो म्हटल्यावर म्हाताऱ्याला दोनदा ऐकू येतंय का म्हणून विचारावं लागलं. मग गुंडोने काय विचारलं ते म्हाताऱ्याच्या उत्तरावरून सगळ्यांना कळलं.

“जोडे विकतोस ते ठाऊक आहे मला. तू कधी लपवला नाहीस. सकाळी स्वल्प लवकर ये. आंघोळ करून ये, झालं.”

रघुनंदन भिंतीला टेकून बसून राहिला. वसुमतीने आत जाऊन त्याच्यासाठी घेतलेलं नवं रेशमी सोवळं कपाटातून काढलं, घडी उलगडून पाहिलं, आणि गुंडो भावजींना ते लांबीला पुरेल का, असं सासऱ्यांना विचारलं.