ज्ञानू मिस्त्रीचे पाच मेंदू

उचगावात ज्ञानू मिस्त्रीला ‘तू चुकलास’ म्हणायची कुणाची छाती नव्हती. एक तर त्याचं काम सहसा चुकायचं नाही, आणि चुकलं म्हणणाऱ्याची तो पुढे आठ दिवस सालटी काढायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत तो तीस वर्षं पॅटर्नमेकर होता. इंजिनाचा एखादा भाग ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात घडवावा लागतो. तो वाळूत दाबून ठसा घ्यायचा आणि त्या ठशात वितळलेलं लोखंड ओतायचं. ते लाकूड म्हणजे पॅटर्न. सातवी नापास ज्ञानू केसाएवढा फरक नुसत्या बोटानं सांगायचा. त्याची बायको बाळाबाई म्हणायची, “सगळी अक्कल हातातच सांडली, डोक्यात घालाय उरलीच न्हाय.”

१९९७च्या दिवाळीआधी शेजारच्या किराणा दुकानदार अण्णाप्पांची रक्षिता त्याच्या दारात आली. लहानपणी गोवरात तिचे डोळे गेले होते. तरी पोरगी रोज बसनं कोल्हापूरला जाऊन बी.ए. करत होती, आणि विषय मानसशास्त्रच घ्यायचा हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. अडलं होतं मेंदूच्या प्रकरणापाशी. त्यात पानापानावर आकृत्या. विभागाचे सर माणूस वाईट नव्हते, पण त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, “आकृती दिसत नसेल तर मेंदू कळणार कसा? शनिवारी तोंडी घेतो. जमलं तर विषय ठेव, नाहीतर दुसरा घे.”

“मामा, मला मेंदू करून देता?” रक्षिता म्हणाली.

“कुणाचा?”

“माशाचा, बेडकाचा, कोंबडीचा, शेळीचा आणि माणसाचा.”

“अण्णाप्पांनी ऐकलं तर मला दुकानात उभा करायचे न्हाईत! लिंगायताची पोर मासं मागाय लागली!”

“म्हणून तर लाकडाचा मागतोय की मी,” रक्षिता हसली. “खरा मेंदू हातात घेतला तरी लोण्यागत फुटतोय म्हणं.”

ज्ञानूनं तिचं पुस्तक ठेवून घेतलं, पण पुस्तकावर विसंबेल तो मिस्त्री कसला? रविवारी तो बाजारातून रोहूचं डोकं आणि मटणाच्या दुकानातून शेळीचा अख्खा भेजा घेऊन आला. भेजा म्हटल्यावर बाळाबाईनं कांदा चिरायला घेतला, तर हा गडी भेजा पाटावर ठेवून त्याची मापं काढत बसलेला. तिनं त्या दिवशी जे ऐकवलं ते छापता येणार नाही. ज्ञानू मात्र खुशीत होता. इंजिनाच्या बाहेरचं काही घडवायची पाळी त्याच्यावर प्रथमच आली होती.

बुधवारी संध्याकाळी पाचही मेंदू ओसरीवर मांडले. पॉलिश असं, की माशी बसली तर घसरावी. रक्षितानं आधी मासा हातात घेतला. तिची बोटं त्यावरून मुंगीच्या चालीनं फिरली.

“एक, दोन, तीन उंचवटे. एका वळीत. म्होरचा वासाचा, मधला नजरेचा, मागचा तोल सांभाळायचा.” मग बेडूक, मग कोंबडी, मग शेळी. “सगळ्यांत तेच तीन की हो मामा! तोच क्रम!”

प्रकरण तिनं मैत्रिणीकडून कॅसेटवर वाचून घेतलं होतं आणि ऐकून ऐकून पाठ केलं होतं. ती सांगू लागली. पन्नास कोटी वर्षांमागं समुद्रात माशासारखे पहिले जीव झाले, त्यांच्यात ही मांडणी बसली. तेव्हापासून ज्याला ज्याला पाठीचा कणा आहे, त्याच्या डोक्यात तीच.

“पन्नास कोटी वर्सं एकच पॅटर्न?” ज्ञानू चाट पडला. “आमचा शेठ दोन वर्सांत मोडीत काढतोय.”

शेवटी माणसाचा मेंदू तिच्या हातात आला आणि बोटं एका जागी थबकली. पुढे गेली, परत तिथंच आली.

“मामा, हितं सांधा हाय.”

ज्ञानूच्या कपाळाची शीर उठली. सांधा होताच. फाउंड्रीत मोठ्या मापाची ऑर्डर आली की कुणी नवा पॅटर्न करत नाही. जुन्यावरच लाकडाचा ठोकळा बसवायचा, फटीत लांबीचा लगदा भरायचा, पॉलिश मारायचं. माणसाचा मेंदू एवढा मोठा, म्हणून ज्ञानूनं तेच केलं होतं. खाली माशासारखे तीन उंचवटे आणि वर टोपी घातल्यासारखा एक ठोकळा. चष्मेवाल्या मॅनेजरलाही त्याचा सांधा कधी सापडला नव्हता.

“असंना का सांधा,” तो गुरगुरला. “निघतोय व्हय?”

“तसं न्हवं मामा. माशात तीन, तर माणसात चार कसं? हा वरचा आला कुठनं? पुस्तकात म्हणतंय, नवं कायबी बसवल्यालं न्हाय. म्होरचा उंचवटाच फुगत गेला, मागं पसरला, आणि त्यानं मधल्याला झाकून टाकलं.”

 ज्ञानू मेंदू उचलून आत गेला. रक्षिता काठी टेकत घरी गेली, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. मामाला दुखावलं, आणि शनिवारच्या आत दोनच दिवस उरलेले.

गुरुवारी सकाळी ज्ञानूनं तीस वर्षांत पहिल्यांदा कारण न सांगता रजा टाकली. सागवानाचा अखंड तुकडा घेतला आणि पुढचा उंचवटा लाकडातूनच मागे वाढवत आणला. अंगणात भुशाचा ढीग साचला. जेवायला हाक मारणाऱ्या बाळाबाईला तो एवढंच म्हणाला, “पोरगी बराबर हाय गं. मी ठिगाळ लावलंतं.”

शनिवारी पिशवी घेऊन तोच तिच्याबरोबर कॉलेजात गेला आणि दाराबाहेर बाकावर बसला. आत सरांनी पाचही मेंदू मिसळले. तिनं ते ओळीनं लावून दाखवले. सरांनी माणसाचा तिच्या हातात ठेवून विचारलं, “यातला नवा भाग कोणता?”

“नवा कुठलाच नाही, सर. पुढचा भाग माशातही आहे. इथं तो वाढून मागे पसरलाय. मधला भाग खाली झाकला गेलाय, हा बघा, बोटाला लागतोय.”

सरांनी डोळे मिटून तिथं स्वतःचं बोट फिरवून पाहिलं. बाहेर ज्ञानूचा जीव टांगणीला लागला होता. मग सर म्हणाले, “राहू दे तुझा विषय. आणि हे मेंदू महिनाभर वर्गात ठेवशील का? डोळे असलेल्यांनाही दाखवायचेत.”

संध्याकाळी रक्षिता पेढे घेऊन आली.

“मामा, तुमचे उपकार कसे फेडू?”

“उपकार? गप बस.” ज्ञानू म्हणाला. “तीस वर्सं मला कुणी चूक दावली न्हाय. मला वाटलं, शिकायचं सरलं. तू दावलीस, आणि चुकलंय ते का चुकलंय हेबी सांगितलंस. पाया मी तुझ्या पडाय पायजे पोरी.”

म्हणाला आणि खरंच वाकला. रक्षिताला ते दिसणार कसं? त्याच क्षणी तीही त्याच्या पायाशी वाकली आणि दोघांची डोकी खाडकन एकमेकांवर आदळली.

“परत आपटा, परत आपटा!” बाळाबाई ओरडली. “एकडाव आपटून सोडलं तर शिंगं येत्यात!”

रक्षितानं हसत हसत चाचपडून त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाला कपाळ अलगद टेकवलं. ज्ञानूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

“एवढं लागलं व्हय?” बाळाबाईनं घाबरून विचारलं.

“व्हय,” तो म्हणाला. “लई लागलं.”