मेंदूच्या तुकड्याला पाणी देताना

दोन हजार चारच्या सुमारास मी पुण्यातलं शिक्षण संपवून मालवणला परत आले आणि खाडीकाठच्या एका छोट्या संशोधन केंद्रात माशांच्या मेंदूवर काम करू लागले. केंद्र कसलं, तीन खोल्या, आणि बहुतेक वेळा त्यांत मी एकटीच. गावात कुणी विचारलं तर ‘माशांचा अभ्यास’ एवढंच सांगायची. मेंदूचा म्हटलं की लोक माझ्याच डोक्याकडे संशयाने बघत.

माशाच्या मेंदूचा अगदी पातळ काप काढायचा, तो वाटीएवढ्या भांड्यात ठेवायचा आणि त्याच्यावरून प्राणवायू सोडलेलं खारं पाणी सतत वाहतं ठेवायचं. पाणी थांबलं की तुकडा मेला. वाहत राहिलं तर तासन्‌तास जगतो, आणि केसाहून बारीक सुई पेशीत टोचून तिची वीज मोजता येते. मधेच दुसऱ्या बाटलीतलं, औषध मिसळलेलं पाणी सोडायचं, मग परत पहिलं. बाटल्या सलाईनसारख्या वर टांगलेल्या. माझी नजर सुईवर खिळलेली, म्हणून तोट्या फिरवायला दुसरा माणूस लागे.

तो माणूस म्हणजे माझे बाबा. त्यांचा जन्म होडीवर गेला. आई वारली आणि त्यांनी होडी विकून टाकली. घरी आम्ही दोघं धड बोलत नसू. ताटं वाढायची, टीव्ही लावायचा, झोपायचं. पण तोटीपाशी स्टुलावर बसले की बाबांना कंठ फुटायचा. एक तोटी फिरवल्यावर दुसरी फिरवेपर्यंतच्या वेळात वारा, बांगडे, जुनी भांडणं, सगळं निघे. आईबद्दल तर ते फक्त तिथेच बोलले.

एकदा म्हणाले, “हो तुकडो अजून जिवंत आसा?”

“आसा.”

“मग तेका काय आठवत असात गो?”

“माका काय ठावक!” मी खेकसले. काम करताना मी खेकसतेच. पण त्या खोलीत मला एकटं वाटत नसे, हेही खरं.

पुढे बाबांचा हात थरथरू लागला. तोटी धरली की नळी हले, नळीबरोबर भांडं, आणि सुई पेशीतून निसटे. दिवसभराची मेहनत वाया. केंद्राचे वरिष्ठ निकाल मागत होते. बाबांना खरं कारण सांगायची माझी छाती झाली नाही. म्हटलं, “आता मशीन बसवतंय. तुमका त्रास नको.”

“बरां,” एवढंच म्हणाले.

विजेवर उघडझाप करणाऱ्या झडपा, टायमर, वापरलेलं पाणी ओढून घेणारा पंप. त्या जुळवाजुळवीने माझा जीव खाल्ला. पंपाच्या ठोक्याने भांड्यातलं पाणी नाचायचं. नळ्यांत बुडबुडे अडकायचे. झडप उघडली की पेशीची वीज दाखवणाऱ्या पडद्यावर भलतीच रेघ उमटायची. मग झडपांचं टेबल वेगळं केलं, अर्थिंग वेगळं केलं. बाबा रोज येत, बघत बसत. नळ्या ताणून बांधायला त्यांनीच मदत केली. गाठ मारताना मात्र त्यांचा हात थरथरत नसे.

आणि एक दिवस जमलं. टक्‌ करून झडप उघडली, पाणी बदललं, सुई जागची हलली नाही. दुपार उलटून गेली तरी पेशी जिवंत. मी “जमलां!” म्हणून ओरडले. बाबा हसले, उठले, टॉवेल खांद्यावर टाकला, चपला घातल्या. उद्या ते येणार नाहीत हे मला त्यांच्या पाठीवरूनच कळलं.

आमच्याकडे निघालेल्या माणसाला ‘कुठे’ म्हणून विचारत नाहीत. दर्यावर जाणाऱ्यांच्या घरात तर नाहीच नाही. चुकून कुणी विचारलंच, तर त्याने परत फिरायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं. मी आयुष्यात कधी बाबांना तसं विचारलं नव्हतं. ते घरीच चालले होते, हेही मला माहीत होतं.

“बाबा, खंय चललात?”

ते दारात थांबले. मग परत आले आणि स्टुलावर बसले. मी तांब्या भरून दिला. ते फार सावकाश प्यायले. टेबलावर झडप वाजली, पाणी बदललं. आम्ही दोघंही तिकडेच बघत राहिलो.

तांब्या खाली ठेवून ते उठले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो थरथरत होता.

“आता परत इचारू नको गो,” म्हणाले आणि गेले.