कालच्या सांच्याला

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आज तुला सांगतेय — मध्येच अडखळले तर अडखळू दे.

कळंबोलीतल्या एका छोट्या हॉस्पिटलात मी कॅज्युअल्टीची डॉक्टर. डोक्याला किरकोळ मार लागलेले लोक रोजचेच, आणि स्कॅनला बाहेर पाठवावं लागतं. म्हणून मीच मोठ्या डॉक्टरांचं डोकं खाऊन ती नवी रक्ततपासणी आणायला लावली. मेंदूला इजा असेल तर रक्तात कळतं. नसेल तर स्कॅन टळतो. पण मार लागून दिवस उलटला असेल, तर रक्तावर भरवसा नाही — सरळ स्कॅन.

एकदा अंधार पडल्यावर भास्कर आला, लोखंड बाजारातला हमाल. डोक्याला लोखंडी पट्टी लागलेली, पण हसत-बोलत होता. कधी लागलं, विचारलं. त्याची बायको, निर्मला, म्हणाली, "कालच्या सांच्याला, मॅडम. दुखतंय म्हनत्यात, पर यायलाच तयार नव्हते."

काल संध्याकाळी. दिवस उलटलेला. ऐकलं ना मी? ऐकलं! तरी रक्तच घेतलं. का? — माझी तपासणी किती भारी, हे दाखवायची खाज, दुसरं काय? रिपोर्ट नॉर्मल आला. घरी पाठवला.

दुसऱ्या दिवशी तो उठेचना. मेंदूत रक्त साचलेलं. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, जीव वाचला — बोलणं गेलं.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, वेळ नव्हती का विचारली? आणि मी — शी! — म्हणाले, "मला 'सकाळच्याला' असं ऐकू आलं, सर. त्यांची ती भाषा पटकन कळत नाही."

कळत नाही? अगं, माझी आई उदगीरकडची! सांच्याला दिवा लाव, सांच्याला लवकर ये — हेच ऐकत वाढले मी. बेलापूरच्या शाळेत पोरी हसल्या, तेव्हापासून ती बोली तोंडात येऊ दिली नाही, इतकंच.

सरांना पटलं. सगळ्यांनाच पटलं. निर्मलालासुद्धा — ते कसं सांगू?

भास्करला घरी न्यायच्या दिवशी ती मला शोधत आमच्या हॉस्पिटलात आली. हात जोडून म्हणाली, "माजंच चुकलं, मॅडम. आमचं बोलनंच तसलं. नीट सांगाया पायजे हुतं."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "असू द्या. होतं असं कधीकधी."