भागीरथीमावशीने वाचलेला अर्क

पाच वाजता पंकजाची कबड्डीची मॅच टीव्हीवर होती. पंकजा ही भागीरथीमावशीची धाकटी. राज्याच्या संघात पहिल्यांदाच. तिचे वडील कारभारीतात्या. त्यांना कमी ऐकू येतं, टीव्हीचा आवाज पोचत नाही. लेकीचं नाव त्यांच्या कानावर पडावं म्हणून मावशीने संगमनेरहून होम थिएटर आणलं होतं.

साडेचार झाले तरी ते मुकंच. दुकानातला वैजनाथ वायर काढून-घालून दमला.

"मावशी, पीसच खराब हाय. उद्या बदलून देतो."

"आन् मॅच काय उद्या तुझा आजा खेळनार हाय व्हय?"

मावशी तीस वर्षं दूध संकलन केंद्रात होती. दुधाच्या टाकीवरचं 'इन' आणि 'आउट' बघत बघत इंग्रजी अक्षरं जोडायला शिकली. शाळा तेवढीच. मोबाईलचा उजेड धरून ती टीव्हीमागे वाकली. सारखी दिसणारी तीन भोकं. एकापाशी तीन अक्षरं जास्तीची.

"सवे, हितं अर्क लिवलंय."

मी पाहिलं. ए, आर, सी. मी एम. ए. झालेली. मला हसू आलं.

"मावशी, ते आर्क. म्हणजे कमान."

"टीव्हीला कमान कशाला? अर्क म्हंजे आतून काढल्यालं. हितनं आवाज भाईर निघत आसंल." तिने होम थिएटरचा डबा फिरवला. "हे बघ, हितंबी अर्कच."

"तिन्ही भोकं सारखीच असत्यात, मावशी," वैजनाथ म्हणाला.

"मंग एकालाच नाव का ठिवलं?"

वैजनाथची वायर टीव्हीच्या पहिल्या भोकात होती. मावशीने ती उपटली आणि अर्कात खुपसली.

घर दणाणलं. मांडणीवरची ताटं थरथरली. वैजनाथ दोन पावलं मागे सरला. मी मोबाईलवर शोधलं. टीव्हीतला आवाज परत बाहेर डब्याकडे नेणारी वाट, हाच त्या तीन अक्षरांचा अर्थ होता.

मॅच सुरू झाली. चौथ्या मिनिटाला पंकजा चढाईला गेली, दोघींना बाद करून आली. समालोचकाने तिचं नाव घेतलं.

तात्या ताठ बसले. "भागे, पंकी म्हनला का त्यो?"

"पंकजा म्हनला."

"म्या ऐकलं!"

ते उठले, दारात गेले आणि गल्लीकडे तोंड करून ओरडले, "आवाजाचा कुनाला तरास होतोय का?"

कुणी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाले, "न्हाई ना? मंग वाढीव गं भागे."