सगळ्या तालुक्याचा कोट

बाळांनो, आजोबांचा फोटो पोचला. मोबाइलवर करून घेतलेला: कोट, टाय, गाल भरलेले, टक्कल गायब. वर्षश्राद्धाला भिंतीवर लाव, असं तुम्ही कळवलंत. लावते. पण फ्रेमवाल्याकडे देण्याआधी तुमच्या आजीने एक सांगायला हवं. त्या माणसाने आयुष्यात कधी कोट घातला नाही. दुसऱ्यांना मात्र जन्मभर घातला.

घोडेगावात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. तिथे एकच काळा कोट असे, पाठीत उभा फाडून नाड्या लावलेला. गिऱ्हाईक सडपातळ असो की सुटलेलं, मागून आवळलं की झालं. टायला इलास्टिक. खाली धोतर असलं तरी फोटो छातीपर्यंतच. महाळुंग्यापासून शिनोलीपर्यंत कुणाच्याही घरी जा, भिंतीवरून तोच कोट तुमच्याकडे करारी नजरेने बघायचा. एका मुलीच्या बापाने स्थळाचा फोटो पाहून मुलगा ऐपतदार असल्याचं ठरवलं. त्याच कोटात त्याचे स्वतःचे वडील समोरच्या भिंतीवर होते, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

रविवारी स्टुडिओ बंद ठेवून आजोबा स्वतःसाठी फोटो काढायचे. कांदा निवडणारे, डेअरीवर दूध घालणारे, जसे सापडतील तसे. हे फोटो एकदा सगळ्यांनी बघावेत, एवढीच त्यांची हौस. म्हणून त्यातले बहुतेक फोटो जिथे काढले होते, त्या लोणीकडच्या गावी जत्रेत, देवळाच्या मंडपात, त्यांनी ते मांडले. शीर्षकं मी दिली, सुबक इंग्रजीत. ती कुणी वाचली नाहीत. फोटो मात्र सगळ्यांनी वाचले.

एक म्हातारा शेतकरी फाटक्या बनियनमधल्या स्वतःसमोर बराच वेळ उभा राहिला.

"मास्तर, आमी तुमचं काय वाकडं केलं व्हतं? जत्रंला सोयरं आल्यात."

फोटो चांगला आलाय, असं आजोबा म्हणाले.

"चांगलाच हाय. म्हणून तर वळखू येतोय."

संध्याकाळपर्यंत ज्याने त्याने आपापला फोटो उतरवून, तोंड आत करून, घरी नेला. जाता जाता काहींनी कोटातल्या फोटोसाठी दिवसही ठरवून घेतला. दुसऱ्या दिवशी आजोबांनी कोटाला इस्त्री केली. त्यांचं रविवारी बाहेर पडणं थांबलं.

ते फोटो चुलीत गेले असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. काही वर्षांनी तो शेतकरी वारला. भेटायला गेलो, तर ओसरीवर त्याचा कोटातला फोटो, हार, उदबत्ती, सगळं रीतसर. मी पाणी प्यायला आत गेले. स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याच्या वर, बनियनमधला तो खिळ्याला टांगलेला होता. त्याच्या बायकोने माझी नजर पाहिली.

"भायेरचा पावण्यांसाठी," ती म्हणाली. "ह्यो माजा."

मी आजोबांना आत बोलावलं. ते बघत राहिले. पुढच्या रविवारी त्यांनी कॅमेरा खांद्याला लावून स्कूटर बाहेर काढली.

तेव्हा तुम्ही पाठवलेला फोटो मी बैठकीत लावीन. येणारेजाणारे 'अगदी साहेब दिसतात' म्हणतील आणि मी मान डोलवीन.

निगेटिव्ह सगळ्या बुरशीने गेल्या. कोट अजून कपाटात आहे, नाड्या तुटल्यात. आणि स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्यावर, मी काढलेला एक फोटो आहे: आजोबा, बनियनवर, उन्हाने डोळे बारीक केलेले.