शून्यापासून मोजणारी जाळी

पंपांच्या कारखान्यात तिला सगळे सूनबाईच म्हणत, कारण तिचे सासरे तिथूनच निवृत्त झालेले. पंपाच्या पोकळीचे बारीक तुकडे पाडून जाळी विणणारं नवं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा साहेब म्हणाले, त्याच्याशी जुळत नाही, तर आता त्या तुकड्यांतल्या पाण्याचं गणित करणारा जुना सॉल्व्हरही मोडीत काढू. सॉल्व्हर सासऱ्यांनी लिहिलेला. सूनबाई तडकली. दोघांना जोडून दाखवते, म्हणाली. साहेबांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली.

जोडणं म्हणजे काय, तर दुभाष्याचं काम. एकाचं म्हणणं दुसऱ्याला कळेल असं सांगायचं. कोणता पृष्ठभाग भिंत आणि कोणता पाण्याचं तोंड, हे दोघंही नंबरांनीच ओळखत. तिने मधला प्रोग्राम लिहिला, शुक्रवारी सकाळी चालवला, आणि पडद्यावर पाणी चक्क भिंतीतून आत शिरलं! बाहेर जायचं तोंड बंद, दाब गगनाला भिडलेला. शेजारचा डिझायनर म्हणाला, हा पंप नव्हे, बॉम्ब आहे. सगळे खो खो हसले. तीही हसली, पण मुदत आजचीच होती.

दुपारी जेवायला घरी गेली, तर सासऱ्यांनी चेहऱ्यावरूनच ओळखलं. सगळं ऐकून म्हणाले, "टाकून दे गं. म्हातारं झालंय ते."

आता मात्र तिचं डोकं फिरलं. "म्हातारं झालं म्हणून टाकायचं होय? बाबा, आधी सांगा, पृष्ठभागांचे नंबर कुठून सुरू केलेत?"

"एकपासून. सगळं जग एकपासूनच मोजतं."

जाळी शून्यापासून मोजत होती! सगळे नंबर एका घराने सरकले होते आणि दाराची पाटी भिंतीला लागली होती. बाई अर्ध्या जेवणावरून उठली. हात तरी धू, असं ओरडत सासरेही चपला अडकवून मागोमाग निघाले.

प्रत्येक नंबरात तिने एक मिळवला, बाकी काही नाही. पाणी शहाण्यासारखं एका तोंडातून आत, दुसऱ्यातून बाहेर. दाब खऱ्या पंपावर मोजलेल्या दाबाशी जुळला. डिझायनरने तिला टाळी दिली. सासऱ्यांना इतका आनंद झाला की भरून आलेले डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

साहेबांनी मोकळ्या मनाने हार मानली. सासऱ्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, नव्या लोकांना हा सॉल्व्हर शिकवायला याल का? या बोलावण्याची म्हाताऱ्याने निवृत्तीपासून वाट पाहिली होती, घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"मला कशाला?" ते म्हणाले. "सूनबाईला विचारा. सॉल्व्हर आता तिचा आहे."